बादलीभर समुद्र

सातारा, ३ सप्टेंबर १९७९

चि. विजूस राहीआजीचा आशीर्वाद. वि. वि.

साऱ्या समुद्राचा ताप तुझ्या ध्यानात राहतो, आणि आजीला महिनाभर पत्र न्हाई ते राहत न्हाई. लय शिकलीस.

तुझा बाप सांगितलेलं लिहून घेतोय. काल त्याच्या नावानं तुझं पत्र आलं ते त्यानं वाचलं, घडी घातली, खिशात टाकलं. विचारलं तर म्हणतो, पोरगी बोटीवर जाते म्हणं, जायचं न्हाई. बघ, इथं पेन थांबलं. आभाळातलं यंत्र समुद्राचा ताप बघतं म्हणाली होतीस ना? मग बोट कशाला? मला कळंल असं लिही.

अक्षर बापाचं, माया माझी.

लिहिणार: हंबीरराव

—

अहमदाबाद, ११ सप्टेंबर १९७९

ती. आजीस विजयमालाचा शि. सा. न. वि. वि.

उपग्रह समुद्राला हात लावत नाही. पाण्याची वर येणारी ऊब तेवढी तो हेरतो, तीही अगदी वरच्या पापुद्र्याची. मध्ये वाफ आडवी आली की फसतो. म्हणून तो डोक्यावरून जाईल तेव्हा कुणीतरी बोटीवरून बादली सोडायची, पाणी वर ओढायचं, त्यात तापमापी धरायची. दोन्ही जुळले तर आमचे आकडे खरे.

आकडे मी काढलेत, बादली दुसऱ्यानं का ओढावी? दसऱ्यानंतर वेरावळहून बोट सुटेल. मुलगी मी एकटीच, म्हणून साहेब म्हणतात वडिलांच्या हातचं संमतीचं पत्र आण, नाहीतर दुसऱ्याला पाठवतो. आबांना सांग. आता हे तेच वाचत असतील, तरी तू सांग.

तुझी माया अशीच राहू दे.

विजू

—

सातारा, १७ सप्टेंबर १९७९

चि. विजूस आशीर्वाद. वि. वि.

बादलीपाशी वाचणाऱ्याचा आवाज बारीक झाला, पण मी ऐकलं.

हंबीर लहान असताना तापला. मी कपाळाला हात लावून म्हटलं, लय न्हाई. शेजारची हरणाबाई ऐकंना, तिनं टेसनापर्यंत गाडी जुंपायला लावली. मिरजेच्या डाक्टरनं काचेची नळी जिभेखाली धरली तवा खरा ताप कळला. त्या नळीनं वाचलेला आता बादलीला न्हाई म्हणतो.

म्हणतो, आई, बोट म्हंजे काय तुला ठावं न्हाई, बसऱ्याला जाताना मी सारा रस्ता ओकत गेलो. म्हटलं, अठराव्या वर्षी लढाईला निघालास तवा माझ्याकडं कुणी संमतीचं पत्र मागितलं न्हाई. पोरगी नुसतं पाणी काढायला निघालीया.

तर सायबाला सांग, विजयमालानं बोटीवर जावं, घरच्यांची हरकत न्हाई. त्यानं पेनात शाई भरली आणि लिहिलं. मला तर अक्षर येत न्हाई, म्हणजे हे कुणाच्या हातचं ते सायबाला दिसंलच.

जपून जा, आणि आमाला विसरू नको.

लिहिणार: सुभेदार (निवृत्त) हंबीरराव यादव, विजयमालाचे वडील

ता. क. नुसतं नाव घाल म्हटलं होतं, हुद्दा त्यानंच घातला. म्हणतो, त्या बोटीच्या गावचं मी काही खाणार न्हाई. तवा वेरावळहून सुके बोंबील धाडशील ते त्याच्या वाटणीचे जास्त धाड.