पाचेचं पान

वडगाव, बेळगाव

प्रिय पूर्णिमा,

तुझ्या सासूचं, ह्या आत्तीचं पत्र बघून घाबरू नकोस, इकडं सगळं बरं आहे. तिसरीपर्यंतची माझी शाळा, पण फोनवर मधेच जेवलीस का, झोपलीस का होतं आणि खरं ते राहून जातं. म्हणून कागद घेतला. रविवारी तुझ्या लेकीनं, ऋतिकानं मला सगळं सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, नऊ वर्षांच्या लेकराच्या पोटात किती दिवस राहणार? तुझ्या कंपनीतले समर्थ तुला लग्नाचं विचारतात, मच्छे गावच्या मैदानात तिला सायकल शिकवतात, आणि तू आत्तीला काय वाटेल म्हणून दोन महिने गप्प आहेस.

राहू दे, आधी पाचेचं सांगते. फणसाखाली ह्या वर्षी पाच, आपलं ते वासाचं झुडूप, लई दाट माजलीय. उन्हात लावली तर पिवळी पडते, सावलीत कुजक्या पाल्यात मात्र नुसती डुलते. बियांची भानगड नाही. फांदी मोडायची, चिखलात खोचायची, पंधरा दिवसांत मूळ धरते. माझ्या आईनं खानापूरच्या रानातून ओल्या फडक्यात गुंडाळून पहिली फांदी आणली, तिच्याच ह्या लेकी-नाती. दुपारी पानं सुपात वाळत घालते आणि तिथंच भिंतीला टेकून माझा डोळा लागतो. शेजारचा माग खटखट चाललेला असतो, वास घरभर हिंडत असतो, आणि मी सत्तरीची की सतराची, मला कळत नाही.

झाडावरच्या पानाला तसा वास नसतोच गं. ते सुकायला लागलं की सुटतो. वाळलेली पानं साडीच्या घडीत घालायची, कसर लागत नाही. एके काळी आपली साडी गिऱ्हाईक डोळे झाकून ओळखायचं.

तुझे सासरे गेले तेव्हा मी एकतीसची, राजकुमार अंगावर पिणारा. फुलं बंद झाली. एका सकाळी पाचेला पाणी घालताना काय मनात आलं, एक पान खुडलं, अंबाड्यात खोचलं आणि वर पदर घेतला. कुणाला काही कळलं नाही. दुपारी डोक्याच्या उबेनं पान मऊ पडलं आणि मागाच्या खोलीभर वास सुटला. शेजारची जयाबाई हुंगत हुंगत आली.

"बायाक्का, नटायला लागलीस व्हय गं?"

"पान हाय ते, फूल न्हाय," मी म्हटलं. धोटाही थांबवला नाही.

पानाला कोण काय म्हणणार? ती पुटपुटत गेली आणि मी दिवसभर गालात हसत होते. तेव्हापासून चाळीस वर्षं, रोज एक पान.

राजकुमार गेला, तेराव्यानंतर मी तुझ्याही केसांत पान खोचलं. वाटलं, सुनेला आपण लई मोठी वाट दाखवली. तू नुसती माझ्याकडं बघत राहिलीस. रविवारी फोन ठेवला, तेव्हा तुझं ते बघणं मला कळलं. पोरी, मी पानावर भागवलं कारण मला कुणी विचारलं नाही. तुला कुणीतरी विचारतंय. फोन ठेवून मी एकटीच हसत बसले, जयाबाईला वाटलं म्हातारीला वारं लागलं.

आता पत्र कशासाठी ते. गुडघ्यांमुळं तीन वर्षं मी हातमागावर बसले नव्हते. सोमवारी गल्लीतल्या यमनाप्पाकडून हिरवा ताणा भरून घेतला, काठ जरीचे, आणि बसले. दिवसाला वीतभर होतंय, होऊ दे. जयाबाईनं विचारलं, कुणाची गं साडी? मी सांगितलं, "माझ्या पूर्णिमाच्या लग्नाची." ती उंबऱ्यावर टेकली आणि म्हणाली, सुताच्या कांड्या मी भरून देते. साडीचं अंग महिन्यात होईल. पदराशी येऊन मी अडणार आहे. होकार लिहायला तुला जड जाईल, मला ठाऊक आहे, तेव्हा तो लिहूच नकोस. समर्थना विचार, आणि पदर कुठल्या रंगाचा घालू, तेवढं एका ओळीत कळव.

मागावरूनच,
तुझीच,
आत्ती