शारजातला वॉकओव्हर

६ ऑक्टोबर १९९५, शुक्रवार
आमच्या कंपनीचे ऑस्ट्रेलियन मॅनेजर डॉयलसाहेब घराजवळच्या अल कुसैसच्या मैदानावर त्यांच्या देशाचं फुटबॉल शिकवतात. बघून आलो. चेंडू अंड्यासारखा. हातात घेऊन पळतात, लाथाही मारतात. चार खांब, जाळी नाही. गोऱ्यांना एक खेळ धड ठरवता आला नाही! कॉलेजात मी कबड्डीच्या टीममध्ये (राखीव) होतो. हे लोक माझ्यापुढे काहीच नाहीत. उद्यापासून रनिंग. तळलेलं बंद.

७ ऑक्टोबर
ह्युमिडिटी. रनिंग कॅन्सल. बायकोने, ऋताने, भजी केली. तिचा मान ठेवला.

१३ ऑक्टोबर
पहिली मॅच खेळलो. चेंडू नाकावर आला. वारा होता. मग कॅच घेतला, लाथ हाणली, थेट खांबांमधून! सगळे ओरडले. आपलेच खांब होते म्हणे. हे आधी सांगायला नको? प्लेअर म्हणून रिटायर.

१४ ऑक्टोबर
डॉयलसाहेब म्हणाले, तुम्ही बाहेरून ओरडा, आत येऊ नका. म्हणजे मी कोच!

२७ ऑक्टोबर
टीम म्हणजे एकेक नमुना. स्टोअरमधला गणू पळतो, विचार करत नाही. इलेक्ट्रिशियन सुदेश विचार करतो, पळत नाही. हरलो. मध्यंतरात गणूला सगळ्यांसमोर बैल म्हणालो. तोंड फिरवून बसला. हळवा!

३ नोव्हेंबर
पुन्हा हरलो. सुदेश म्हणाला, साहेब, एकदा गप्प बसून बघा. त्याला टीममधून काढला. गणूने परत घेतला. बेशिस्त. पुढची मॅच अबू धाबीवाल्यांशी, शारजात, हे मात्र गणूने तोंडभर हसून सांगितलं. माफी मागायची पद्धत असेल.

१० नोव्हेंबर, दुपारी ४
शारजा. मैदान रिकामं. अबू धाबीवाले घाबरून आलेच नाहीत. वॉकओव्हर! आपलेही आले नाहीत, पण त्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती. पहिला विजय, माझ्या एकट्याच्या जोरावर.

१० नोव्हेंबर, संध्याकाळ
घरी कुणी नव्हतं. मग ऋता आणि मुलगी प्रज्ञा आल्या. दोघींचे घसे बसलेले. प्रज्ञा म्हणाली, वी वन, बाबा! मॅच अल कुसैसलाच होती.
विचारलं, माझं नाव कुणी काढलं का?
म्हणाली, येस, एव्हरीबडी. गणूअंकल ओरडले, कोच कुठे आहे? सगळी टीम ओरडली, शारजा!
ऋताला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, बुधवारपासून.
मग म्हणाली, पान वाढलंय.
गेलो.