फर्माइशीचे फोन

६ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. माझं पहिलं गाणं रेकॉर्ड झालंय, ते आणि माझा परिचय सोबत पाठवतेय. इथल्या रेडिओ स्टेशनच्या माननीय संचालकांना दोनदा पाठवलं, पण तिकडून हूं नाही की चूं नाही. नवं गाणं ऐकलं तर कान विटाळतात अशी त्या लोकांची समजूत असावी.

तू तिथे जन्मभर निवेदक होतास. तुझ्या हाताखाली शिकलेली निवेदिका आता बुधवारी सकाळी नव्या गायकांचा कार्यक्रम करते म्हणे. तिच्या कानावर एक शब्द घाल ना. आईने जूनपर्यंत मुदत दिलीय. तोवर गाणं रेडिओवर लागलं नाही, तर गाणं बंद आणि विमा कंपनीत नोकरी. तिथे काकाच साहेब आहेत, त्यामुळे माझी खुर्ची आत्ताच पुसून ठेवलीय.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, या वेळी तो जरा वशिल्यातही दिसू दे.

तुझी,
ठमी


११ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

गाणं ऐकलं. म्हणजे बराच वेळ ते सुरू व्हायची वाट पाहिली. नुसतं टुंगटुंग चाललं होतं. तुझा आवाज येईपर्यंत माझी दाढी उरकली. समोर गाण्यांचा ढीग पडलेल्या निवेदिकेने इतका वेळ कुठून आणायचा?

तुझा परिचयही वाचला. त्यात तू संगीताच्या क्षितिजावरचा नवा सूर्य आहेस. स्टेशनच्या स्टुडिओत पंखा धड चालत नाही, तिथे सूर्य कुठे बसवणार? आणि एवढी पानं खरडूनही गाण्याचं नाव काय, लिहिलं कुणी, चाल कुणाची, याचा पत्ता नाही. बरं, पाठवलंस कुणाला, तर माननीय संचालकांना. त्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. जिन्याला रंग कुठला द्यायचा एवढंच ते ठरवतात.

वशिला लावणार नाही. वशिल्याने गाणं लागतं, ऐकलं जात नाही. ती सुरुवात कापून टाक. परिचय चार ओळींचा कर. बुधवारचा कार्यक्रम आधी नीट ऐक, कारण तू तो एकदाही ऐकलेला नाहीस हे मी पैजेवर सांगतो. मग त्या निवेदिकेला तिच्या नावाने पाठव आणि गप्प बस. रोज उठून ऐकलंत का, ऐकलंत का, म्हणून तिचं डोकं खाऊ नकोस.

पत्र फार कडक झालंय असं मामी म्हणते. तिने पहिला मसुदा पाहिलेला नाही. राग आला तर खुशाल येऊ दे, माया तेवढी राहू दे.

तुझा,
मामा


२८ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

सूर्य मावळला, परिचय चार ओळींचा झाला. सुरुवातही कापली, आणि तबलजीने माझ्याशी बोलणं सोडलं. तुझा तो कार्यक्रम ऐकला. एक गृहस्थ विरहाचं गाणं असं गात होते की दाढ दुखत असावी. त्यांना घेतात आणि मला नाही, या विचाराने चहा गेला नाही. पण निवेदिकेचं उत्तर आलं! माझं गाणं पुढच्या बुधवारी लागणार आहे.

मात्र एकदाच. ते पुन्हा हवं म्हणून श्रोत्यांचे फोन आले, तरच रोजच्या गाण्यांत जाईल. नातेवाइकांनी फोन करायचे नाहीत अशी तिची सक्त अट आहे. मी आत्यांपासून सगळ्यांना दम भरलाय. तुला भरत नाही. दुसऱ्याच्या गाण्यासाठी तू कुठला फोन उचलतोस!

लोभ ठेव, नावं मागाहून ठेव.

ठमी


७ एप्रिल

मामा,

नमस्कार लिहायची आज इच्छा नाही.

गाणं लागलं. फोनही आले. काल निवेदिकेने मला बोलावून त्यांची हकिकत सांगितली. पहिला फोन निवृत्त मास्तरांचा, मग ट्रकड्रायव्हरचा, मग किराणा दुकानदाराचा. तिघांनीही गाण्याचं, गायिकेचं, कवीचं आणि संगीतकाराचं नाव ओळीने, स्वच्छ उच्चारात सांगितलं. कुठला ट्रकड्रायव्हर संगीतकाराचं नाव सांगतो, मामा? आणि फोन ठेवताना तिघेही म्हणाले, श्रोतेहो, आता आज्ञा द्या. हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुझा आवाज ती झोपेतही ओळखेल.

ते फोन तिने हिशेबात धरले नाहीत. उरला एक. इस्त्रीच्या दुकानातून कुणा बाईने केला होता. तिला माझं नाव माहीत नाही, गाण्याचंही नाही. कडव्याची चाल नुसती गुणगुणली, तीही बेसूर. एवढ्या शहरातून मला एक बाई मिळाली! रोजच्या यादीत काही गाणं गेलं नाही. हवं तर येत्या बुधवारी पुन्हा एकदा लावते, असं निवेदिका म्हणाली. मी नको म्हणणार आहे. ही भीक मला नको. आईला सांगितलंय, एक तारखेपासून विमा कंपनीत जाते. मला फार रडू येतंय आणि तुझा भयंकर राग आलाय.

ठमी


१० एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ., घ्यायचे नसले तरी.

फोन मीच केले. ड्रायव्हरचा आवाज उत्तम जमला होता असं माझं अजून मत आहे. मामी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होती. मी मात्र घाबरलो होतो. गाणं संपलं आणि वाटलं, कुणाचाच फोन आला नाही तर? ती शांतता मला ठाऊक आहे, तुझ्या वाट्याला ती येऊ नये एवढंच मनात होतं. चुकलं. तुझ्या गाण्यावर मी विश्वास ठेवायला हवा होता.

आता तुझ्या अकलेविषयी. इतकी वर्षं मी त्या माईकसमोर बोललो. मला फोन आले ते घड्याळ बरोबर लावायला किती वाजले विचारणारे. उच्चार चुकला म्हणून झाडणारेही आले. पण कालचं ते पुन्हा ऐकवा, असं म्हणणारं अनोळखी माणूस मला कधी भेटलं नाही. तुला पहिल्याच गाण्याला भेटलं, आणि तू म्हणतेस एकच! नाव माहीत नाही, चाल नीट येत नाही, तरी हातातली इस्त्री उभी करून तिने नंबर फिरवला. मला तुझा हेवा वाटतो, ठमे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटतो.

काल मी निवेदिकेला फोन केला, या वेळी माझ्याच आवाजात, माफी मागायला. ती म्हणाली, त्या बाईचा परत फोन आला होता, बुधवारी नक्की लावाल ना म्हणून. तिला काय सांगायचं ते निवेदिकेने तुझ्यावर सोपवलंय. त्या बाईला तूच कळव, की आता गाणं नाही, हवा तर विमा आहे.

लोभ कर, नाहीतर भांड, पण बुधवारच्या आत.

मामा