दुसरं बिस्किट

डॉक्कुम, ४ फेब्रुवारी १९९७

ती. मारायकेताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या हट्टापायी वाचनालयातल्या त्या वर्गाला जाऊ लागले. उदासीचा आजार जडण्याआधीच मन कसं सावरायचं, ते तिथे शिकवतात. शिकवणारी हेलीन गोड आहे. कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा चक्क दुसऱ्यांदा फिरवते. आपल्याकडे एकेक बिस्किट दिलं की डब्याला झाकण लागतं.

ती म्हणते, काळजी दिवसभर चघळायची नाही. तिची एक वेळ ठरवायची, इतर वेळी तिला दारातूनच परत पाठवायचं. मी दुपारची वेळ ठरवली आहे. तेवढ्यात मी विबेचं वाटोळं चिंतते. मला टाकून कालव्यापलीकडे यांतिनाच्या घरी राहायला गेला ना, भोगू दे. रात्री झोप मात्र छान लागते.

घराचे पडदे उघडे आहेत. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
रेन्स्के


झ्वोले, १२ फेब्रुवारी

चि. रेन्स्के हिस अनेक आशीर्वाद.

पडद्यांचं वाचून जीव भांड्यात पडला. आईने एकदा पडदे ओढले, ते आपण दोघी मोठ्या होईपर्यंत उघडले नाहीत. फोनवर तुझा आवाज तिच्यासारखा यायला लागला होता, म्हणून तुला तिकडे ढकललं. पण बाई, तो वर्ग मन सावरायला आहे, सुरीला धार लावायला नाही. तू त्या वेळात काय करतेस, ते हेलीनला ठाऊक आहे का?

तुझे भावजी म्हणतात, विबेला कालव्यात ढकल आणि मोकळी हो. त्यांचं ऐकू नकोस. जेवत जा, आणि मला विसरू नकोस.

मारायके


डॉक्कुम, ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या आठवड्यात भीतीच्या पायऱ्या केल्या. ज्याची धास्ती वाटते ते सगळ्यात वर लिहायचं आणि एकेक पायरी चढत जायचं. मी लिहिलं, यांतिनाच्या वाढदिवसाला जाणं. अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. कशासाठी जायचंय, ते कुणी विचारलं नाही.

पूल ओलांडून झाला. तिच्याच बेकरीत पाव घेऊन झाला. आता १७ तारीख. सगळ्यांसारखं माझंही वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगलेलं, त्यावर तिचं नाव अजून आहे, मीच लिहिलेलं. मैत्रीण होती ना माझी. तिथे विबेच्या बहिणी गोल करून बसतील. त्यांच्या आईचं शेवटचं दुखणं मी काढत होते, तेव्हा त्यांचा भाऊ कुठे होता, ते मी केक खाता खाता सांगणार आहे.

आशीर्वाद दे.

रेन्स्के


झ्वोले, ६ मार्च

रेन्स्के, जाऊ नकोस. त्याचं काय व्हायचं ते होवो, घरी येऊन तूच पडदे ओढशील.

मारायके


डॉक्कुम, २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेले. रीतीप्रमाणे गोलातल्या प्रत्येकाशी हात मिळवून यांतिनाच्या वाढदिवसाबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. विबेची खुर्ची तेवढी रिकामी होती. तो मागच्या खोलीत होता. भर दुपारी पडदे ओढलेले, आणि हा बुटांसकट भिंतीकडे तोंड करून पडलेला. यांतिना म्हणाली, नाताळपासून हे असंच चाललंय.

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. मग त्या पडद्यांकडे नजर गेली. बहिणींसाठी घोकलेलं मी त्याच्या उशाशी बसून त्याला एकट्यालाच ऐकवलं. त्याची आई शेवटपर्यंत त्याचं नाव घेत होती, हेही सांगितलं. तो रडला. मी पडदे उघडले आणि बाहेर येऊन केक संपवला.

माफ केलंय असं समजू नकोस. दुसऱ्या दिवशी मी यांतिनाकरवी त्याला डॉक्टरांकडे धाडलं. अजून वेळ गेलेली नाही, म्हणाले. एप्रिलच्या वर्गात त्याचं नाव घातलंय. तिथे मनातला विचार सगळ्यांसमोर मांडावा लागतो आणि तो खरा की खोटा, याचे पुरावे शोधावे लागतात. 'मी वाईट वागलो' हा विचार घेऊन बसू दे त्याला. खरा असल्याचे पुरावे कमी पडले तर मी आहेच, कारण त्या वर्गाची कॉफी हेलीनने माझ्याकडे सोपवली आहे.

डबा दुसऱ्यांदा फिरेल, ताई. त्याच्यापाशी आला की मी झाकण लावीन.

माया अशीच राहू दे.

तुझी,
रेन्स्के