चांदणी बाजारातलं झबलं

१६ मार्च १९७२, पाडवा
आज दुकान उघडलं! केडगावात पुणे रस्त्याला शेठजींनी बांधलेला हा चांदणी बाजार म्हणजे नुसता थाट आहे. वर छप्पर नाही, खाली गुळगुळीत फरशी, भोवती कमानी, कमानींत दुकानं आणि मधोमध रंगीत दिव्यांचं कारंजं. नगरच्या बायकांनी काय जन्मभर धक्के खातच खरेदी करायची, असं शेठजींचं म्हणणं. मला कोपऱ्यातला गाळा मिळाला. पाटीवर 'दया टेलर्स, लहान मुलांचे कपडे'. शेजारी नायलॉनच्या साड्या, पलीकडे रेडिओ, समोर आइस्क्रीम. सगळं नगर लोटलं होतं. घेतलं कुणी फारसं नाही, पण कारंज्याचं पाणी खरं आहे का, ते प्रत्येकानं हात घालून पाहिलं.

२ एप्रिल
इथला राखणदार मच्छिंद्र, त्याची बायको छबूबाई. दोघं कारंज्यामागच्या खोलीत राहतात. छबूबाई पोटुशी आहे. दुपारी माझ्या दारात बसते आणि बोलत सुटते. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, हे तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग विचारलं, तुमाला किती? मी म्हणाले, एक. मरिया. राजूरला असते, आजीकडं.

खोटं कुठं बोलले? ती राजूरलाच आहे. आजीच्या घरामागच्या दफनभूमीत. गेल्या थंडीत डांग्या खोकल्यानं गेली, दोन वर्षांची होऊन. माझा नवरा विल्सन लष्करातून रजेवर पोचला तोवर तिच्यावरची माती सुकली होती. नव्या गावात तरी मला कुणी 'बिचारी' म्हणू नये, एवढंच हवं होतं.

३० जुलै
पावसाचा पत्ता नाही. कारंजं बंद. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेलाही पाणी लागतं. रेडिओवाल्यानं गाशा गुंडाळला, आइस्क्रीमवाला कधीच पळाला. चकचकीत फरशीवरून आता बायका कुदळी घेऊन दुष्काळी कामावर जातात. त्यांना हा रस्ता जवळचा पडतो. कारंज्याच्या हौदात मच्छिंद्रची शेळी बसते, अगदी शेठाणीसारखी.

४ सप्टेंबर
छबूबाईला मुलगी झाली! नाव ठेवलं धोंडी. ज्यांची लेकरं जगत नाहीत, ते असं दगडाधोंड्याचं नाव ठेवतात, आणि पोराला दुसऱ्याच्या लेकराचा वापरलेला कपडा मागून घालतात. हे लेकरू यांचं नव्हेच, असं मरणाला वाटावं म्हणून. छबूबाईनं माझ्यापुढं पदर पसरला. म्हणाली, ताई, तुमच्या मरियाच्या अंगचं एक झबलं द्या. जित्या लेकराचंच लागतं.

जित्या लेकराचं.

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ते मला जमलं नाही. नुसतं कापड तर आहे, अशी मनाची समजूत घातली. ट्रंकेतलं पिवळं झबलं काढून दिलं. मरियाच्या शेवटच्या आजारात तेच तिच्या अंगात होतं.

१९ ऑक्टोबर
साडीवालाही गेला. शेठजी फिरकत नाहीत. मीही जायला हवं, पण धोंडीला सोडवत नाही. मांडीवर घेतलं की माझ्या कानाची पाळी धरूनच झोपते. डावीच. मरियाही डावीच धरायची. छबूबाई हसते. म्हणते, ताई, हिला माझ्यापरीस तुमचाच लई लळा.

८ नोव्हेंबर
धोंडीच्या मनगटावर भाजल्याचा व्रण आला आहे. अर्धचंद्रासारखा. भर दुपारच्या उजेडात नीट पाहिला. छबूबाई म्हणते, ही कुठं भाजलीच न्हाई. मरियाला माझी इस्त्री लागली होती, तिथंच —

भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. देवा, मला क्षमा कर.

२१ नोव्हेंबर
धोंडी खोकते आहे. तोच खोकला. श्वास ओढतानाचा तो आवाज मी कसा विसरेन?

आता कळतं आहे. माझी येते आहे, म्हणून यांची जाते आहे.

२८ नोव्हेंबर
नवं झबलं शिवून नेलं, जुनं मागितलं. छबूबाई देईना. मागून आणलेलं फाटेस्तोवर काढायचं नसतं, म्हणाली. तुमच्या मरियाचा गुन लागू द्या हिला. डॉक्टरनं आशा सोडली तरी तिचा सगळा भरवसा त्या झबल्यावर.

खरं सांगितलं तर ती स्वतःच ओरबाडून काढेल. पोर वाचेल. एवढंच करायचं आहे. माझी मुलगी मेली, हे मोठ्यानं म्हणायचं —

५ डिसेंबर
आजही नाही सांगितलं. धोंडी दिवसभर माझ्या कानाची पाळी धरून होती. पोर निळी पडते आहे आणि मी — मी तिचे केस हुंगत बसते. मरियाचाच वास.

९ डिसेंबर, सकाळ
आज सांगणार. माघार घेऊ नये म्हणून इथं लिहिते. मरिया गेली. मरिया गेली. मरिया —

छबूबाई पोरीला माझ्या मांडीवर ठेवून पाणी आणायला गेली आहे. आली की लगेच —

खोकला थांबला. माझ्याकडं बघते आहे. तीन महिन्यांचं लेकरू, ओठ हलतात —

स्पष्ट म्हणाली. आई, सांगू नको ना.

छबूबाई आली. दारातून विचारते, ताई, रडता का? सांगते. सांगते, बाळा, मला सोड, पाळी सोड, मी आत्ता —