निळ्या कापडातली प्रत

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू: पुस्तकं शिवायची सागवानी चौकट, एक. पुस्तकं दाबायचा लाकडी दाब, एक (त्याचा स्क्रू तेवढा विकतचा). कागदाची घडी दाबायच्या हाडाच्या पट्ट्या, दोन. मुलगी नूपुर हिचा पाळणा. खिडकीखालचं कपाट. आणि 'दुहेरी दोरा' ही कादंबरी, पानं तीनशे बारा.

एवढं ज्याने केलं तो मी, हेरंब शशिकांत पांगम, वय ५७, शिक्षण दहावी, धंदा पुस्तकबांधणी, राहणार घोडपदेव, मुंबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, चष्मा पुसून, कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. (पत्नी दोनदा 'जेवायला चला' म्हणाली, ते दडपण धरू नये.)

कादंबरी छापून येईपर्यंत मृत्युपत्र करावं असं माझ्याकडे काही नव्हतं. आता आहे. शिवाय एक गोष्ट पत्नी पद्मजापासून मी साडेचार वर्षं लपवली. ती शेवटच्या कलमात आहे. खरं तर तिच्यासाठीच हा खटाटोप.

१. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीचा भाडेहक्क पद्मजाकडे जावा. चाळीचा पुनर्विकास झाला तर लिफ्टचं लेखी घेतल्याशिवाय तिने सही करू नये.

२. पोस्टातल्या ठेवी पद्मजाच्या. त्यातून आधी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हावं. डावा गेल्या वर्षी झाला. परळच्या इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर तिने एकतीस वर्षं काढली. माझा धंदा बसला तेव्हा स्वेच्छानिवृत्तीचा भरलेला अर्ज तिने फाडला आणि त्याच गुडघ्यांनी हा जिना आणखी तीन वर्षं चढली. एकदाही बोलून दाखवलं नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायची, तेवढं मला वरून ऐकू यायचं.

३. हत्यारं नूपुरला. ती बांधणी करणार नाही, माहीत आहे. पण चौकट कोणाच्या दिवाणखान्यात शोभेसाठी विकू नये. हे काम मला कोणी शिकवलं नाही. रद्दीतली जुनी पुस्तकं उसवून मी शिकलो. लिहायलाही तसाच शिकलो.

४. चुलतभाऊ विक्रांत याने माझ्या पन्नाशीच्या जेवणात सर्वांदेखत विचारलं होतं, "बाइंडर कादंबरी लिहिणार? मग लेखकांनी काय खळ शिजवायची?" त्यास कादंबरीची एक प्रत द्यावी, छापील किंमत घेऊन. सवलत देऊ नये.

५. निळ्या कापडातली मूळ प्रत संघमित्रा यांना. का, ते सविस्तर लिहितो, कारण नातेवाइकांत ही हकीकत चुकीची सांगितली जाते.

कादंबरी लिहायला अकरा वर्षं लागली. चार प्रकाशकांनी परत केली, त्यांतल्या दोघांनी न उघडता. मी पहिल्या दोन पानांत खळीचा ठिपका लावून ठेवला होता, तो तसाच होता. म्हटलं, सुट्या पानांना कोण विचारतो? २०१८च्या पाडव्याला मी टाइप केलेली पानं स्वतः शिवली, निळं कापड चढवलं, पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव उठवलं आणि ठाकूरद्वारला सरोजिनीबाईंच्या प्रकाशन संस्थेत नेऊन दिली. बाई बाहेर होत्या. टेबलावर ठेवून आलो.

दर तीन महिन्यांनी जायचो. बाई म्हणायच्या, "वाचन चालू आहे, कळवू." मागे वळलं की काचेच्या कपाटात ती मला दिसायची, त्यांच्या प्रकाशित पुस्तकांच्या रांगेत ताठ उभी. मला वाटायचं, मान देऊन ठेवलीय. साडेचार वर्षं मी त्या मानावर जगलो.

२०२२च्या दिवाळीआधी ऑफिसला रंग काढला, तेव्हा कपाट रिकामं केलं. तिथल्या मुद्रितशोधक संघमित्रा यांनी निळं पुस्तक घरी वाचायला नेलं आणि चौथ्या दिवशी बाईंना विचारलं, "ह्याची दुसरी आवृत्ती का नाही काढलीत?"

"पहिली कधी काढली?" बाई म्हणाल्या.

त्याच दुपारी मला फोन. "अहो पांगम, हस्तलिखित असं द्यायचं असतं? टाचणी लावून द्यायचं! तुम्ही पुस्तकच करून आणलंत, कोण वाचणार ते? सगळ्यांना वाटलं, आपलंच आहे."

मी म्हटलं, "बाई, कच्चं काम मला देता येत नाही."

"मग आता पक्कं आम्ही करतो," त्या म्हणाल्या. आणि केलं. दोघींचे उपकार मोठे आहेत, आणि ते मी आनंदाने डोक्यावर घेतो.

६. कादंबरीचे सर्व हक्क नूपुरला. तीन छापील चुका आहेत, पानं ४१, १०९, २२६. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त व्हाव्यात. बाकी कशालाही हात लावू नये, माझ्या नावाला तर मुळीच नाही. कारण पुढे.

७. फेब्रुवारी २०२१. टाळेबंदीपासून धंदा बसलेलाच होता. परळच्या टॉवरमधले एक गृहस्थ डायऱ्या बांधून घ्यायला आले. कादंबरीची मी बांधलेली दुसरी प्रत दुकानात असायची, ती त्यांनी आठवडाभर वाचायला नेली. परत आले ते थेट व्यवहारावर. कादंबरी त्यांच्या साठीला त्यांच्या नावाने निघावी, मी पैसे घेऊन गप्प राहावं. "नाव काय हो, बांधणी बदलल्यासारखंच," म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या डायऱ्या शुक्रवारी मिळतील." मिळाल्या, आणि उत्तम बांधलेल्या मिळाल्या.

त्या पैशांत पद्मजाचे दोन्ही गुडघे झाले असते. म्हणून तिला सांगायची हिंमत झाली नाही. हे तिने माझ्यामागे वाचावं असं ठरवलं होतं, पण ते भेकडपणाचं वाटलं. काल संध्याकाळी इथवरचा मजकूर मी तिला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"किती देत होता?"

मी आकडा सांगितला. तिने ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"एवढेच?" म्हणाली. "मला बोलवायचंत. मी घासाघीस करून दहापर्यंत नेलं असतं त्याला. मग नाही म्हटलं असतं."

तिच्या आग्रहावरून खरी रक्कम इथे नोंदवतो. कादंबरी दुसऱ्याच्या नावे देण्यासाठी आलेली आणि मी नाकारलेली रक्कम: अक्षरी रुपये सहा लाख फक्त.

सही: हेरंब शशिकांत पांगम

आमच्यासमक्ष त्यांनी सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली:
१. सरोजिनी धुरंधर, ठाकूरद्वार
२. उन्मेष राऊळ, शेजारी, घोडपदेव

स्थळ: मुंबई. दिनांक: १७ ऑगस्ट २०२५