अर्धा इंच, बारा आटे

नाना, काल आणे पठारावरचा तो माणूस आला होता. ज्याचा पंप बोअरमध्ये पडला आणि ज्याच्या कामानंतर तुम्ही हत्यारं खाली ठेवलीत, तोच. ते काम तुमच्या हातून बिघडलं नव्हतं. माझ्यामुळे बिघडलं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि एवढं एक वाक्य मला आज लिहिता आलं. फार दमले आहे मी. दिवसभर लेथसमोर उभं राहून गुडघे बोलायला लागतात, आणि तुमच्यासारखाच चष्मा कपाळावर ठेवून मी तोच सगळीकडे शोधत फिरते.

पिंपळवंडीच्या आपल्या वर्कशॉपात तुमचा एक नियम होता. "ज्यानं आटे पाडले त्यानं मोजायचे न्हाईत. आपला हात आपल्याला बरोबरच वाटतो." आयटीआय करून मी आले तेव्हा मी पाडायचे आणि तुम्ही तपासायचात. पुढे तुमची नजर कमी झाली, मग उलटं झालं. तुम्ही भोकात आटे पाडणारा टॅप फिरवताय, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मध्येच तेलाचा एक थेंब, आणि मी आटे मोजायच्या पिच गेजची पाती उघडून बोल्टवर लावून बघतेय. पात्याचे दात आट्यांत बसले आणि मधून उजेड दिसला नाही, म्हणजे माप बरोबर. एवढं सोपं काम होतं माझं.

त्या दिवशी सकाळी माझ्या हातून टॅप मोडला होता आणि गिऱ्हाइकांसमोर तुम्ही मला झापलं होतंत. "घाई कुठं जायची झालीय गं तुला? मोडल्याला टॅप भोकातनं कोण काढणार, तुजा सासरा?" सगळे हसले. मी तोंड फुगवून लेथवर जाऊन उभी राहिले. तेवढ्यात तो माणूस क्लॅम्प घेऊन आला. बोअरच्या तोंडाशी पाइप धरून ठेवणारा लोखंडी जबडा तो, सगळा पंप त्याच्यावर लोंबकळतो. त्याचे आटे गेलेले. बोल्ट त्याने भंगारातून निवडून आणले होते, अर्धा इंची. त्यांना जुळतील असे नवे आटे पाडायचे होते. "बघ गं, इंचाला बारा हायत का तेरा?" तुम्ही विचारलंत. पिच गेज समोरच्या खिळ्याला, चार पावलांवर. मी जागची हलले नाही. लांबूनच बोल्टकडे बघितलं आणि म्हणाले, "बारा."

तुम्ही बाराचे आटे पाडलेत, आरशासारखे. बोल्ट हाताने तीन-चार फेरे आत गेला आणि अडला. तुम्ही थांबलात. "घट्ट का जातंय गं?" मी मान वर न करता म्हणाले, "नवे आटे हायत, घट्टच जाणार." तुम्ही क्षणभर बोल्ट तसाच धरून उभे होतात. तुमच्या हाताला कळलं होतं, नाना. पण तुम्ही हाताचं न ऐकता माझं ऐकलंत आणि पाना लावलात.

आठ दिवसांत आटे सुटले. पंप पाइपासकट खाली गेला, बोअर कायमची गेली. त्या कोरड्या पठारावर बोअर जाणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. तुम्ही गाडीवर त्याच्या दारात जाऊन आलात, येताना ते बोल्ट पिशवीत घेऊन आलात. "टॅपवरचा आकडा पुसलाय," तुम्ही म्हणालात. "बाराचा समजून म्या दुसराच उचलला. नजर गेली माजी." तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा मी गेज काढलं. बोल्टच्या न झिजलेल्या टोकावर बाराचं पातं लावलं, तर उजेड दिसला. तेराचं बसलं. टॅप तुम्ही बरोबर उचलला होतात. बोल्टच तेराचे होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे टॅप, बोल्टवर आटे पाडायच्या सगळ्या डाय पुसून, तेल लावून, फडक्यात बांधून ठेवल्यात आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलात. चार वर्षं बसलात. चारच्या चहाला रोज वाटायचं, आज सांगू. एकदा तोंड उघडलंही. "नाना, तो पंप..." तर तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे बाय. मानूस चांगला, म्या चुकलो तरी वाकडं बोलला न्हाई." तुमचा चेहरा बघून मी कप उचलून आत आले. मला तुमची कीव आली असं मी स्वतःला सांगत आले. खरं तर मी स्वतःसाठी घाबरले होते.

काल तो स्प्रे पंपाचं काम घेऊन आला. आता त्याची दुसरी बोअर आहे. बाकावर बसून म्हणाला, "नाना म्हंजी लई सच्चा मानूस व्हता. माज्या दारात यून चूक कबूल केली. नजर गेल्यावं कोन काय करनार, ताई?" मी म्हणाले, "हो ना, नजरच गेली होती त्यांची."

आज दुपारी तो काम न्यायला आला, तेव्हा सांगायचं ठरवलं होतं. त्याने चहा घेतला, काम घेतलं आणि गेला. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. हे सगळं त्याला सांगायला हवं होतं, नाना. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.